शिशूंसाठीचे ‘शांत’ दूरचित्रवाणी कार्यक्रम : निवडीच्या निकषांची चिकित्सा

सारांश : दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘शांत’ किंवा अल्प-उद्दीपक कार्यक्रम निवडावेत, असा सल्ला पालकांना वारंवार दिला जातो. हे शांतपण बहुधा दृश्ये किती वेगाने बदलतात यावरून ठरवले जाते. प्रस्तुत लेखात ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’, ‘टेलिटबीज’ आणि ‘इन द नाइट गार्डन’ या तीन कार्यक्रमांच्या आधारे हा निकष तपासला असून केवळ गतीचा निकष अपुरा असल्याचे प्रतिपादन केले आहे. त्याऐवजी आलंबन, अवकाश आणि विश्रांती असे तीन निकष सुचवले आहेत.

बीजसंज्ञा : शिशू, दूरचित्रवाणी, उद्दीपन, आलंबन, अवधान, विश्रांती.

१. प्रस्तावना

दोन वर्षांचे मूल टीव्हीसमोर बसले की घरात एक विशिष्ट शांतता पसरते. आई कुकर लावते, आजोबा वर्तमानपत्र उघडतात आणि मूल जागचे हलत नाही. या अवस्थेला आपण ‘मूल रमले’ असे म्हणतो. परंतु रमणे आणि खिळून राहणे या दोन भिन्न अवस्था आहेत. रमलेले मूल मध्येच उठते, काहीतरी बोलते, हातातील खेळण्याशी चाळा करते आणि पुन्हा पाहू लागते. खिळलेले मूल यांतील काहीच करत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मुले सारखीच शांत दिसतात आणि निवडीची खरी अडचण येथूनच सुरू होते.

या विषयाची वैद्यकीय मर्यादा आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा सांगितली. त्याहून लहान बालकांसाठी बैठ्या पडदा-वेळेची शिफारसच केलेली नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. दोन वर्षांखालील मुलाने नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोलावे, याखेरीज अन्य सवलत त्यांत नाही. त्यामुळे दोन वर्षांखालील बालकांसाठी ‘शांत कार्यक्रम कोणता’ हा प्रश्न उद्भवू नये. त्यानंतरच्या वर्षात मात्र जो एक तास उपलब्ध होतो, तो कशाने भरावा हा प्रश्न वैद्यकाइतकाच समीक्षेचाही आहे. कथा, कविता आणि नाटक यांची चिकित्सा करणाऱ्यांनी घरातील सर्वांत लहान प्रेक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या कलाकृतीकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

२. उद्दिष्टे

१. ‘अल्प-उद्दीपक’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे.
२. गती या प्रचलित निकषाची मर्यादा दाखवणे.
३. निवडक कार्यक्रमांच्या रचनेची चिकित्सा करणे.
४. मराठी घरातील पालकाला वापरता येतील असे निकष मांडणे.

३. ‘उद्दीपन’ : संज्ञाविचार

मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘उद्दीपक’ हा शब्द इंद्रियांना जागे करणाऱ्या बाह्य घटकासाठी वापरला जातो. आपल्या काव्यशास्त्रात हाच धातू अधिक नेमक्या अर्थाने येतो. रसनिष्पत्तीच्या विवेचनात विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन प्रकार मानले आहेत. ज्याच्या आधाराने भाव उत्पन्न होतो ते आलंबन. उत्पन्न झालेला भाव जे वाढवते ते उद्दीपन. चांदणे, उद्यान, वारा ही उद्दीपने होत; परंतु नायक-नायिकाच रंगमंचावर नसतील तर नुसत्या चांदण्याने शृंगार निर्माण होत नाही.

हा भेद प्रस्तुत विषयाला अत्यंत उपयुक्त आहे. ज्या बालकार्यक्रमांना आपण भडक म्हणतो त्यांचा दोष केवळ उद्दीपन अधिक असणे हा नाही. त्यांत आलंबनाविना उद्दीपन असते, हा त्यांचा मूळ दोष आहे. रंग, ठेका, कॅमेऱ्याची झेप, टाळ्या हे सर्व असते. पण ज्याच्याविषयी काही वाटावे अशी व्यक्ती किंवा घटना मुलाच्या मनात स्थिर होण्यापूर्वीच दृश्य बदललेले असते.

या म्हणण्याला प्रयोगाचाही आधार आहे. २०१० मध्ये पेम्पेक आणि सहकाऱ्यांनी सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांच्या बालकांना ‘टेलिटबीज’चे मूळ भाग, तसेच दृश्यांचा क्रम विस्कटलेले व संवाद उलटे वाजवलेले भाग दाखवले. अठरा आणि चोवीस महिन्यांच्या मुलांनी अर्थपूर्ण भागाकडे अधिक वेळ पाहिले. सहा व बारा महिन्यांच्या बालकांच्या पाहण्यात मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे अगदी लहान बाळ पडद्याकडे टक लावून पाहते तेव्हा ते कथा पाहत असतेच असे नाही. ‘त्याला हा कार्यक्रम फार आवडतो’ हे पालकांचे विधान त्या वयात तपासूनच स्वीकारावे लागते.

४. गतीचा निकष आणि त्याची मर्यादा

शांत कार्यक्रमांच्या शिफारशींमागे ज्या संशोधनाचा दाखला सर्वाधिक दिला जातो ते लिलार्ड आणि पीटरसन यांचे २०११ मधील संशोधन होय. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने नऊ मिनिटे वेगवान व्यंगचित्रपट पाहिला, दुसऱ्याने संथ शैक्षणिक कार्यक्रम पाहिला आणि तिसऱ्याने चित्रे काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत पहिल्या गटाची आत्मनियमनाची व कार्यकारी क्षमता कमी दिसली. वेगवान कार्यक्रमात सरासरी ११ सेकंदांनी, तर संथ कार्यक्रमात ३४ सेकंदांनी दृश्य बदलत होते. येथून ‘सेकंद मोजा आणि निवडा’ हा सोपा नियम प्रचलित झाला.

परंतु याच अभ्यासकांनी हा प्रश्न पुढे नेला तेव्हा चित्र बदलले. लिलार्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१५ मधील प्रयोगांत मुलांच्या क्षमतेवरील तात्कालिक परिणामाचा संबंध गतीपेक्षा अद्भुत, वास्तवात अशक्य अशा घटनांशी अधिक असल्याचे दिसले. अशक्य घटना समजून घेण्यासाठी मुलाजवळ पूर्वानुभव नसतो. त्यामुळे मनावर अधिक ताण येतो, असे स्पष्टीकरण सुचवले गेले. त्याहून जुना दाखला १९७७ चा आहे. अँडरसन, लेव्हिन आणि लॉर्च यांनी ‘सेसमी स्ट्रीट’च्या जलद व संथ आवृत्त्या तयार करून शाळापूर्व वयाच्या मुलांना दाखवल्या होत्या. केवळ गतीमुळे मुलांच्या नंतरच्या वर्तनात फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही.

या प्रयोगांतील मुले बहुतांशी चार वर्षांची होती, हेही विसरता कामा नये. त्यांचे निष्कर्ष दोन वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लागू करणे हे संशोधनाशी केलेले स्वातंत्र्य ठरते. तात्पर्य, संथ गती ही उपयुक्त खूण आहे. तिला पुरावा मानू नये.

५. कार्यक्रमांची चिकित्सा

५.१ मिस्टर रॉजर्स नेबरहूड

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे निर्माण होणारा हा कार्यक्रम १९६८ पासून राष्ट्रीय स्तरावर प्रक्षेपित झाला आणि २००१ मध्ये त्याचा शेवटचा नवा भाग प्रक्षेपित झाला. फ्रेड रॉजर्स (१९२८–२००३) प्रत्येक भागात दारातून आत येत, कोट काढून स्वेटर घालत, बूट बदलत आणि हे सर्व होईपर्यंत कथानक पुढे जात नसे. भाग संपताना हीच क्रिया उलट्या क्रमाने घडे. घरातील माशांना खाद्य घालणे हा कार्यक्रमाचा नित्याचा भाग होता. मासे उपाशी तर नाहीत ना, अशी काळजी एका दृष्टिहीन मुलीने कळवल्यानंतर रॉजर्स खाद्य घालताना तसे तोंडाने सांगू लागले. कलावंताने प्रेक्षकाचा किती बारकाईने विचार करावा, याचे हे उदाहरण होय.

रचनेच्या दृष्टीने त्यातील लहान ट्रॉली विशेष महत्त्वाची आहे. रॉजर्स यांचे घर आणि कल्पनेतील राज्य यांच्यामध्ये ही ट्रॉली ये-जा करते. ‘आता आपण खोटे-खोटे खेळणार आहोत’ हे मुलाला आधी कळते आणि परत येतानाही कळते. अद्भुताचा ताण पडतो असे २०१५ च्या प्रयोगांवरून दिसले. रॉजर्स यांनी अद्भुत टाळले नाही, त्याला दार बसवले.

तरीही मराठी पालकाने या कार्यक्रमाची निवड विचारपूर्वक करावी. त्याची शांतता मुख्यतः शब्दांत आहे आणि ते शब्द इंग्रजी आहेत. १९८१ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी ‘सेसमी स्ट्रीट’चे काही भाग मुलांना न समजणाऱ्या ग्रीक भाषेत ऐकवले, तेव्हा त्यांचे पडद्याकडील लक्ष घटले; त्या मुलांत दोन वर्षांची मुलेही होती. परभाषेतील शांत कार्यक्रम मराठी मुलासाठी आलंबनहीन ठरू शकतो. अमेरिकी पालकांसाठी केलेली यादी येथे जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, ती यामुळेच.

५.२ टेलिटबीज

१९९७ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या आणि २००१ पर्यंत ३६५ भागांत निर्माण झालेल्या या कार्यक्रमावर ब्रिटनमध्ये बरीच टीका झाली. पात्रांचे बोबडे बोल हा तिचा मुख्य रोख होता. ॲन वुड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांच्या या निर्मितीचे रंग गडद आहेत. पात्रांच्या पोटावर पडदे आहेत आणि सूर्यात बाळाचा चेहरा हसतो. वरवर पाहता हा कार्यक्रम अल्प-उद्दीपक म्हणता येणार नाही.

रचना पाहिल्यावर मात्र मत बदलावे लागते. पात्राच्या पोटावरील पडद्यात खऱ्या मुलांचा एक लहानसा चित्रपट दिसतो. तो संपताच पात्रे ‘पुन्हा’ म्हणून ओरडतात आणि तोच चित्रपट संपूर्ण पुन्हा दाखवला जातो. प्रौढ प्रेक्षकाला हे असह्य होते. दोन वर्षांचे मूल मात्र तीच गोष्ट रोज रात्री त्याच शब्दांत मागते आणि आजीने एखादा शब्द बदलला तर तिला अडवते. त्या मुलासाठी पुनरावृत्ती हेच आलंबन स्थिर होण्याचे साधन आहे. निरोपाचा प्रसंगही लक्षणीय आहे. पात्रे एकेक करून निरोप घेतात, पुन्हा डोकावतात आणि अखेर जातात, सूर्य मावळतो. मुलाला ‘संपले’ हे समजण्यासाठी जेवढा वेळ लागतो तेवढा येथे दिलेला आहे.

५.३ इन द नाइट गार्डन

डेव्हनपोर्ट यांचीच २००७ ते २००९ मधील ही १०० भागांची मालिका झोपेपूर्वीच्या वेळेसाठी रचलेली आहे. डेरेक जेकबी यांचे निवेदन मंद आहे. आरंभी अंथरुणातील मुलाच्या तळहातावर मोठ्या माणसाचे बोट गोल फिरते. मराठी वाचकाला येथे तळहातावर मोर बसवण्याचा आपल्याकडील खेळ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यानंतर इगलपिगल आपल्या नावेचे शीड उतरवून तेच पांघरूण करून घेतो. शेवटी सर्व पात्रे निजतात आणि तो पुन्हा नावेत दिसतो.

गतीच्या निकषावर ही मालिका पहिल्या क्रमांकाची ठरेल. तरी दोन आक्षेप नोंदवावे लागतात. पहिला असा की तिचे जग संथ असले तरी अद्भुत आहे. वाहने कधी लहान भासतात, कधी त्यांत सर्व पात्रे मावतात. रॉजर्स यांच्या ट्रॉलीसारखा उंबरठा येथे झोपेच्या रूपाने असला तरी आत गेल्यावर वास्तवाचा आधार उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१६ मध्ये झोपेपूर्वीचा एक तास पडद्याविना असावा, असे सांगितले. ज्या वेळेसाठी ही मालिका रचली, नेमकी तीच वेळ तिला वर्ज्य ठरते. तळहातावर फिरणारे ते बोट पडद्यावर पाहण्यापेक्षा स्वतःच्या तळहातावर अनुभवणे हे मुलासाठी केव्हाही श्रेष्ठ. आणि मालिकेची आरंभीची प्रतिमाही खरे तर हेच सुचवते.

६. लक्ष मोजण्याचे साधन आणि त्यामागील दृष्टी

‘सेसमी स्ट्रीट’ १९६९ मध्ये सुरू झाले तेव्हा एडवर्ड पामर यांनी एक युक्ती वापरली. कार्यक्रम चालू असताना शेजारी दुसऱ्या पडद्यावर काही सेकंदांनी बदलणारी चित्रे दाखवली जात. मुलाचे लक्ष कार्यक्रमावरून तिकडे केव्हा जाते, याची नोंद होई आणि त्यानुसार कार्यक्रम सुधारला जाई. गरीब घरांतील मुलांना अक्षरे व अंक शिकवणे, हा त्यामागील हेतू होता.

२०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘कोकोमेलन’ या लोकप्रिय गीतमालिकेची मालकी असलेल्या मूनबग कंपनीतील अशाच साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे शेजारच्या लहान पडद्यावर कोणीतरी कॉफी ओतत आहे, कोणाचे केस कापले जात आहेत, अशी रोजच्या जीवनातील साधी दृश्ये दाखवली जात. मुलाने तिकडे मान वळवली की त्या क्षणाची नोंद केली जाई.

दोन्हींतील साधन एकच आहे. तरीही दुसऱ्या उदाहरणाने वाचक अस्वस्थ व्हावा, असे काही त्यात आहे. कॉफी ओतणारा माणूस म्हणजे मुलाचे घर होय. चहा गाळणारी आई, दाढी करणारे बाबा, खिडकीवरचा कावळा यांच्याकडे मुलाने पाहणे ही येथे कार्यक्रमाची त्रुटी ठरते. रॉजर्स यांच्याकडे हीच दृश्ये कार्यक्रमाचा विषय होती. त्यांनी माशांना खाद्य घातले, रंगीत खडूंचा कारखाना दाखवला, बुटांचे बंद बांधले. एका कार्यक्रमाला मूल जगाकडे वळलेले हवे आहे, तर दुसरा जगालाच प्रतिस्पर्धी मानतो. शांत कार्यक्रमाची व्याख्या येथून करता येते. मुलाने मान वळवलेली ज्या कार्यक्रमाला चालते, तो शांत कार्यक्रम.

७. घरातील दुसरा कार्यक्रम

मुलासाठी काय लावले याची चर्चा करताना मोठ्यांसाठी काय लावले आहे, हे आपण विसरतो. श्मिट आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात एक, दोन व तीन वर्षांची मुले खेळत असताना मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पार्श्वभूमीला चालू ठेवण्यात आला. मुलांनी त्याकडे फारसे पाहिलेच नाही. तरीही त्यांचे खेळ अधिक लवकर तुटले आणि एकाग्रतेचा काळ घटला. कर्कोरियन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा वेळी आई-वडिलांचे मुलाशी होणारे बोलणेही कमी होते, असे दाखवले.

मराठी घरातील संध्याकाळ यासंदर्भात पाहावी. दिवेलागणीपासून जेवणे होईपर्यंत एकामागून एक मालिका चालू असतात. एका कटू वाक्यावर तीन चेहऱ्यांकडे तीनदा कॅमेरा झेपावतो आणि प्रत्येक झेपेला ढोलाचा ठोका असतो. कोपऱ्यात भातुकली मांडलेले मूल ती मालिका पाहत नसते, पण तिच्यात राहत असते. सकाळी वीस मिनिटांचा निवडक कार्यक्रम आणि संध्याकाळी तीन तासांचा हा कल्लोळ, अशा घरात अल्प-उद्दीपनाची चर्चा अपुरी ठरते. यात आजी-आजोबांना दोष देण्याचा हेतू नाही. दोन खोल्यांच्या घरात त्यांचे तेवढेच मनोरंजन असते. तथापि मूल जागे असताना एखादी मालिका कमी पाहणे, हा कोणताही नवा कार्यक्रम शोधण्यापेक्षा परिणामकारक उपाय आहे.

भरवतानाच्या मोबाईलविषयीही हेच म्हणता येईल. चिऊ-काऊचे घास भरवणारी आजी मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधतच होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिची चिमणी त्याच मुलासाठी बोलत होती, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत होती आणि घास संपला की उडून जात होती. मोबाईलवरचे गाणे संपताच दुसरे आपोआप सुरू होते.

८. निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे तीन निकष मांडता येतात.

आलंबन : मुलाला ओळखता येईल असे पात्र आणि त्याच्या अनुभवातील घटना कार्यक्रमात आहे काय? भाषा त्याला समजते काय? परभाषेतील कार्यक्रम दाखवायचाच असेल तर शब्दांवर कमी विसंबणारा निवडावा आणि निवेदन पालकाने मराठीतून करावे. ‘ब्लुई’ या २०१८ पासूनच्या ऑस्ट्रेलियन मालिकेतील पावसाचा जवळजवळ निःशब्द भाग यासाठी चांगला आहे. अंगणातील वाहते पाणी अडवू पाहणारे पिल्लू कोणत्याही मुलाला समजते.

अवकाश : प्रश्न विचारल्यावर, विनोद झाल्यावर किंवा काही घडल्यावर मुलाला प्रतिक्रिया देण्यास जागा मिळते काय? ‘ब्लूज क्लूज’मध्ये (१९९६) निवेदक उत्तरासाठी खरोखर थांबत असे. ही थांबण्याची जागाच पालकाच्या बोलण्याचीही जागा असते.

विश्रांती : अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या संदर्भात हा शब्द वापरला आहे. येथे त्याचा मर्यादित अर्थ घ्यावा. कार्यक्रम संपतो काय आणि संपल्यावर मूल कोणत्या अवस्थेत असते? पडदा बंद करताच प्रत्येक वेळी आकांत होत असेल, तर कार्यक्रमाची गती कितीही संथ असो, त्याने मुलाला सोडलेले नाही. आपोआप पुढील भाग लागण्याची सोय बंद ठेवणे हा या निकषाचाच भाग होय.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी अडीच वर्षांच्या मुलीला रॉजर्स यांचा एक भाग मराठीत सांगत दाखवला असता ती मध्येच उठली, आपल्या चपला घेऊन आली आणि त्या घालून-काढून पाहू लागली. उरलेला भाग तिने पाहिला नाही. एका घरातील निरीक्षणावरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु तिने पाठ फिरवली तो क्षण कार्यक्रमाच्या यशाचा होता, असे वाटते.

९. समारोप

दृश्यांचे सेकंद मोजून शांत कार्यक्रम निवडता येत नाही. संथ कार्यक्रमही मुलाला बांधून ठेवू शकतो आणि ‘टेलिटबीज’सारखा गडद रंगांचा कार्यक्रमही पुनरावृत्ती व निरोप यांच्या जोरावर मुलाच्या गतीने चालू शकतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणकार्याने मुलाच्या स्वतःच्या कृतीला मान देण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. मूल कामात गढलेले असताना मोठ्यांनी मध्ये पडू नये, हे बालवाडीतील पथ्य पडद्यालाही लावले पाहिजे.

वीस मिनिटे स्वयंपाकासाठी मिळावीत म्हणून टीव्ही लावणाऱ्या आईला अपराधी ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही. ती वीस मिनिटे संपल्यावर मूल पडद्यावरून उठून तिच्याकडे यावे, एवढेच तिने पाहावे. जो कार्यक्रम मुलाला असे येऊ देतो, तो निवडावा.